उंदराची जखम आणि आपली दया

भूतदया हा शब्द आपल्याकडे इतका जुना आणि वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की, त्यातील 'भूत' म्हणजे नेमके कोण, असे विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. गाय, बैल, घोडा, कुत्रा ही मंडळी या शब्दाच्या सावलीत आपापल्या जागी येऊन बसतात. उंदीर तेवढा दारातच अडतो. अशोकाच्या स्तंभांवरील पाचव्या लेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे. तीत पोपट आहे, मैना आहे, वटवाघूळही आहे; आणि जे चतुष्पाद प्राणी ना उपयोगाचे ना खाण्याचे, तेही मारू नयेत, असे पुढे म्हटले आहे. या वाक्याच्या आश्रयाला उंदीर येऊ शकेल असे प्रथम वाटते. परंतु उंदीर नुसता निरुपयोगी नाही, तो उपद्रवी आहे. आणि निरुपयोगी व उपद्रवी यांत राजाच्या अधिकाऱ्यांनी काय भेद केला असेल, हे पाषाणावर लिहिलेले नाही. आमच्या काळच्या कायद्याने तो भेद केला होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उंदराची गणना उपद्रवी प्राण्यांत होती. 2022 च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले. त्यामुळे कोणाच्या स्वयंपाकघरातला चाप निघाला असे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

हा द्वेष अकारण आहे असे कोणी समजू नये. 1896 साली मुंबईत आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगने जो कहर मांडला, त्याची आठवण पणज्या-आज्यांच्या तोंडून कित्येक घरांत उतरत आलेली आहे. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचे आणि माळावर झोपड्या घालून राहावयाचे. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत प्रयोग करून दाखविले. त्याच्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही, आणि पुढे काही वर्षांनी मुंबईतच त्याचे म्हणणे खरे ठरले. मराठवाड्याला तर ही गोष्ट इतकी जुनी वाटण्याचे कारण नाही. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष उलटते न उलटते तोच, 1994 च्या ऑगस्टात, बीड जिल्ह्यातील मामला या खेड्यात उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ गाठीच्या तापाची हाकाटी झाली. या सर्व इतिहासात एक बारकावा मात्र नेहमी निसटतो. उंदीर प्लेग आणतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो प्लेगने आपल्या आधी मरतो. रोगाच्या दारात तो आणि आपण एकाच रांगेत उभे असतो, फक्त तो पुढे असतो.

हे सारे मनात घोळण्याचे कारण एक पांढरी उंदरीण. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ धावडा नावाचे गाव आहे. तेथील आमच्या एका माजी विद्यार्थिनीने ती पाळलेली. शहरात शिकत असताना कोणा मैत्रिणीकडून तिला मिळाली आणि शिक्षण संपल्यावर तिच्याबरोबर गावी आली. उंदरीण दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्या पुढच्या पायामागे सुपारीएवढी गाठ हातास लागली. मादी उंदरांत हे फार आढळते. त्यांच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, म्हणून स्तनाची गाठ काखेत, पोटावर, कोठेही उठू शकते. बहुतेक गाठी मारक जातीच्या नसतात; पण त्या वाढत राहतात, आणि तीनशे ग्रॅमच्या जनावरास लिंबाएवढी गाठ म्हणजे चालणे-खाणे अवघड. शहरातील पशुवैद्याने गाठ काढली. चौथ्या-पाचव्या दिवशी, गावी परतल्यावर, टाक्यांच्या कडेस लाली आली, जागा गरम लागू लागली आणि पू दिसू लागला.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात काय चालले होते, हे तिच्या पत्रांवरून आणि एकदा समक्ष जाऊन आम्ही जाणतो. गावाजवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांचा हात बैल-म्हशींवर बसलेला. पाचशे किलोच्या म्हशीचे आणि तीनशे ग्रॅमच्या उंदरिणीचे वजन यांत दीड हजार पटींहून अधिक अंतर. त्या भल्या गृहस्थाने अंदाजाने औषध देण्याचे नाकारले, शहरातील डॉक्टरास दूरध्वनी लावला आणि थेंबाच्या हिशोबाने मात्रा ठरवून घेतली. आम्हांस यात त्यांचा मोठेपणा दिसतो. कारण माणसाची गोळी मोडून 'थोडीशी' चारण्याचा सल्ला देणारे तेथे चार जण उभे होते, आणि उंदराला ओकता येत नाही, तेव्हा एकदा पोटात गेलेले परत येत नाही. खालचे दोन टाके सोडून त्यांनी पुवास वाट करून दिली. मग दिवसातून दोनदा कोमट फडक्याचा शेक; लिटरभर उकळलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने, बिनसुईच्या पिचकारीने, जखम आतून धुणे; पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा काढून रोज धुतलेले कापड अंथरणे. आजीने हळद भरण्याचा आग्रह धरला. उघड्या जखमेत पूड भरल्यास ती आतच राहते, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती गप्प झाली, पण पटले नाही. उंदरीण टाके कुरतडू पाही, म्हणून रात्री कोणी ना कोणी जागे राही.

आता प्रश्न असा की, हे सर्व कशासाठी? आजीने तो आमच्यादेखत विचारला. "अगं माय, शेळी मेली तर आपण दोन दिवस हळहळतो अन् कामाला लागतो. उंदरासाठी रात्र जागतेस?" या वाक्यात नुसता जुनाटपणा पाहणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. ज्या मुलुखात पाऊस एक महिना उशिरा आला की शेतकरी औषधाच्या दुकानाकडे जाण्याचे टाळतो, तेथे खर्चाचा प्रश्न हा निष्ठुरपणाचा प्रश्न नसतो. 'आधी माणसे' या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र त्यात एक लबाडीही लपलेली असते. जनावरावर न खर्चलेला पैसा दुःखी माणसाच्या हाती पडल्याचे उदाहरण शोधू गेल्यास फारसे सापडत नाही. तो बहुधा आपल्याच कपाटात राहतो. आजीपाशी ही लबाडी नव्हती. तिने आयुष्यभर माणसांचीच उस्तवार केली होती आणि तो अधिकार तिला होता.

पाश्चात्य तत्त्वज्ञांत या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. कांटच्या मते जनावरांविषयी आपली प्रत्यक्ष कर्तव्ये नाहीत. परंतु जो जनावराशी क्रूर वागतो त्याचे मन माणसांविषयीही कठोर होते, म्हणून जनावरांशी सौम्य वागावे. बेंथॅमने 1789 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रश्नाचा रोखच बदलला. प्राण्यास बुद्धी आहे काय, भाषा आहे काय, हे गौण. त्यास दुःख होते काय, एवढेच पाहावयाचे. कांटचे उत्तर त्या घरापुढे आणून ठेवले की ते विचित्र दिसू लागते. रात्री दहा वाजता जखम धुणारी मुलगी माणसांवर दया करण्याचा सराव करीत होती, असे म्हणणे तिला व उंदरिणीला दोघींनाही अन्यायाचे आहे. बेंथॅमचे उत्तर अधिक सरळ. उंदराचे दुःख दिसतेही. 2011 साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी संशोधकांनी सिद्ध केली आहे: डोळे बारीक होतात, नाक व गाल सपाट होतात, कान वळतात, मिशांची ठेवण बदलते. डोळ्यांभोवती लालसर पाझरही येतो. तो रक्तासारखा दिसला तरी रक्त नव्हे, डोळ्यामागील ग्रंथीतून येणारे रंगद्रव्य होय. ज्याला आपण इतकी वर्षे नुसते 'तोंड' म्हणत होतो, तो चेहरा आहे, हे कळण्यास एवढा काळ लागला.

तरीही बेंथॅमच्या उत्तराने आमचे समाधान होत नाही. दुःख पाहूनच कर्तव्य ठरत असेल, तर शेतातल्या उंदराचे दुःख कमी कसे? आमच्या मते येथे दुसरे एक सूत्र आहे, आणि ते दयेचे नसून ऋणाचे आहे. पांढरा उंदीर निसर्गात असा नाहीच म्हणावयाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत आणि तिच्यासारख्या प्रयोगशाळांत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्याच्या जाती तयार केल्या. आपल्या रोगांची औषधे त्याच्यावर पारखली. त्याची नजर अधू, रंग लपण्यास निरुपयोगी. धावड्याच्या मक्याच्या शेतात सोडला तर एक रात्र काढणे त्यास कठीण. गाठीची खोड त्याच्या कित्येक वंशांत इतकी मुरली आहे की, ती वाढविण्यात आपल्या निवडीचा वाटा नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. असा प्राणी ज्याने घरात घेतला, त्याने त्याची लायकी पाहून नव्हे, तर आपण पत्करले म्हणून त्याचे करावयाचे. मुलाची योग्यता पाहून आई त्याचे अंग पुसत नाही.

मग त्याच घरातील कणगीपाशी ठेवलेल्या उंदराच्या औषधाचे काय? धान्य खाणारा उंदीर मारणे हे पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्यास ते सांगण्याचा अधिकार बाजारातून धान्य विकत घेणाऱ्यास नाही. परंतु मारण्याच्या रीतींत भेद आहे. वारफरिनसारखी जी विषे 1948 नंतर वापरात आली, ती रक्त गोठू देत नाहीत, आणि जनावर काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरते. चिकटपट्टीवर अडकलेला उंदीर तासन्‌तास ओरडतो. चांगला चाप क्षणात काम संपवितो. हा भेद त्या मुलीला पूर्वी ठाऊक नव्हता असे नाही, पण त्या पंधरवड्यानंतर तिने चिकटपट्ट्या घरातून काढून टाकल्या आणि चाप आणले. वडिलांनी विचारले, 'दोन्ही मारणेच ना?' ती म्हणाली, 'हो, मारणेच.' विसंगती मिटली नाही. ती मिटविण्याची घाई तिने केली नाही, हेही आम्हांस योग्य वाटले.

सर्वांत अवघड गाठ याहून निराळी आहे. जखम धुताना उंदरीण कळवळे, हात चावू पाही. माणसास सांगता येते की, आज सोस, उद्या बरे वाटेल. तिला हे कोणत्या भाषेत सांगावे? तिच्यापुढे फक्त आजची कळ आणि ती देणारा ओळखीचा हात. पैठणच्या एकनाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी गंगेची कावड रिती केली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पाणी तहानेल्याला तत्काळ सुखविते, म्हणून ती दया निःशंक आहे. शुश्रूषेत आधी दुःख द्यावे लागते, आणि ज्यास दिले त्याची संमती कधीच मिळत नाही. शिवाय काळाचा हिशोबही पाहावा. अडीच वर्षे जगणाऱ्या जिवाचे पंधरा दिवस म्हणजे आयुष्याचा साठावा भाग; सत्तर वर्षे जगणाऱ्या माणसाच्या मापाने चौदा महिने. चौदा महिन्यांचे दुखणे भोगून पुढे किती सुख हाती लागणार, हे आधी पाहिले पाहिजे.

जखम भरली. तिसऱ्या आठवड्यात त्या जागी केस उगवू लागले आणि उंदरीण पुन्हा ज्वारीची भाकरी दोन्ही हातांत धरून खाऊ लागली. नंतर दोन महिन्यांनी दुसऱ्या बाजूस, जांघेजवळ, वाटाण्याएवढी नवी गाठ लागली. त्या वेळी मुलीने आमचे मत विचारले.

1928 साली साबरमती आश्रमात असह्य वेदनेत तळमळणाऱ्या एका वासरास गांधीजींनी डॉक्टरकडून सुई टोचवून मरण दिले, तेव्हा देशभर केवढे वादळ उठले होते! त्यांचे म्हणणे असे होते की, जेथे उपाय उरला नाही आणि वेदना थांबत नाही, तेथे प्राण घेणे ही हिंसा नव्हे. त्या वादात आम्ही गांधीजींच्या बाजूचे आहोत. परंतु त्या वासराचा दाखला येथे अर्धाच लागू पडतो; उंदरीण वेदनेत नव्हती, ती खात-खेळत होती. आम्ही लिहिले की, आता ती दोन वर्षांची होत आली, पुन्हा भूल व टाके तिच्यावर लादू नयेत. गाठ चालण्याच्या आड येईपर्यंत तिला सुखाने राहू द्यावे. अन्न सोडले, अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडले, डोळे बारीक राहू लागले, की डॉक्टरांकडून शांतपणे शेवट करावा.

तिचे उत्तर आठवड्याने आले. "सर, तुमचे म्हणणे आजीलाही पटले. पण गाठ आत्ता लहान आहे, लहानपणी काढली तर जखमही लहान होईल, असे मला वाटते. डॉक्टरांना एकदा दाखवून मग ठरवीन. बुधवारच्या पहिल्या गाडीने जाते आहे. डब्यात अंथरायला आजीने तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली आहे."