समाजवाद पाठ करायचा की अंगी बाणवायचा?



माणसाच्या मनात समतेची ओढ कोठून येते? सभेतल्या भाषणांतून येते, असे पुष्कळांना वाटते. मी शाळामास्तर आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे मत असे की, या ओढीचा निकाल शाळकरी वयातच बराचसा लागून गेलेला असतो. एका दूरच्या देशाचा अनुभव आपणांपुढे ठेवतो.

1949 साली जर्मनीची दोन राज्ये झाली. लोक तेच, भाषा तीच. पूर्वेला समाजवादी राजवट, पश्चिमेला भांडवलशाही. चाळीस वर्षे दोन्हीकडची मुले वेगवेगळ्या शाळांत घडली. पूर्वेला पहिलीतल्या मुलाच्या गळ्यात बालपथकाचा निळा रुमाल येई. 1973 पासून चौथीच्या आणि त्यापुढच्या मुलांना लाल रुमाल मिळू लागला. चौदाव्या वर्षी समाजवादी राज्याशी निष्ठेची शपथ होई. नागरिकशास्त्र म्हणजे सत्ताधारी पक्षाची शिकवण. 1978 पासून नववी-दहावीला लष्करी शिक्षणही आले. मात्र त्याच मुलाला आणखी एक गोष्ट रोज दिसत होती. पाळणाघर, शाळा, दवाखाना, आईबापांचे काम या सर्वांची जबाबदारी राज्य घेत होते.

9 नोव्हेंबर 1989 रोजी बर्लिनची भिंत खुली झाली आणि 3 ऑक्टोबर 1990 रोजी जर्मनी एक झाला. पुढे अल्बर्टो अलेसिना आणि निकोला फुक्स-शुंडेल्न या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही भागांतील लोकांची मते तपासली. त्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. बेकारीत, आजारात, म्हातारपणी माणसाचा भार राज्याने उचलावा, असे पूर्वेकडच्यांना अधिक वाटत होते. पूर्वेची गरिबी हे त्याचे एक कारण. पण मोठा वाटा जुन्या राजवटीत घडलेल्या मनाचा होता. हा फरक पुसायला एक-दोन पिढ्या जातील, असा त्यांचा अंदाज होता.

आता दुसरी बाजू पाहा. भिंत पडण्याच्या महिनाभर आधी, 9 ऑक्टोबर 1989 रोजी, लाइपझिग शहरात सुमारे 70,000 लोक त्याच राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांतले तरुण त्याच शाळांत शिकून मोठे झाले होते. यावरून मी एवढेच समजतो: जी पक्षनिष्ठा मुलाकडून पाठ करून घेतली, ती वेळ येताच गळून पडली. जो आधार त्याने स्वतः अनुभवला, त्याची अपेक्षा मात्र मनात घर करून राहिली.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या विषयावर हाच प्रश्न मांडला. शोषण संपावे हे साध्य दोहोंचेही. अंतर आहे ते साधनांत. सक्तीने आणलेली समता सक्ती उठल्यावर टिकेल काय? बुद्धांचा मार्ग मन बदलण्याचा आहे. मन बदलले म्हणजे माणूस आपल्या पायांनी चालतो.

मूल कसे घडवावे, याचा धडा मज्झिम निकायात आहे. बालवयातच संघात आलेल्या राहुलाला भगवंतांनी पाण्याच्या भांड्यावरून उपदेश केला. भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखविले, ते सांडले, भांडे उपडे केले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे असेच रिते होते, हे डोळ्यांना दिसले. मग विचारले, आरसा कशासाठी? तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावरही तपासून पाहा, तिच्याने कोणाला दुःख होते काय? सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात राहुलाला केलेल्या उपदेशाची शिफारस केली आहे. तेथे शपथ नाही, रुमाल नाही. मुलाच्या हाती त्याचीच कसोटी दिली आहे.

आता आपल्या शाळेकडे वळू. 15 नोव्हेंबर 1948 रोजी के. टी. शहा यांनी घटनेत 'समाजवादी' हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. समाजरचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, आणि त्यातला आशय मार्गदर्शक तत्त्वांत आलेलाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते समाजवादाचे वैरी नव्हते. मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या हाती असावी, ही योजना त्यांनीच 1947 साली दिली होती. पुढे 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने तो शब्द उद्देशिकेत आला. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी फेटाळल्या.

शब्द टिकला. मुलांच्या पाठ्यपुस्तकात उद्देशिका छापलेली असते. पण 2021 च्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित भोजनमातेने शिजविलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. त्या मुलांना हे कोणत्या पुस्तकाने शिकविले? घराने शिकविले. अशी मुले मोठी होऊन शिष्यवृत्तीला आणि रेशनला दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी म्हणणार नाहीत, तर काय म्हणतील? ज्याच्या ताटाला ताट लावायचे नाही, त्याच्या पोटाची काळजी कोणाला वाटेल?

बंधू-भगिनींनो, बोट आपल्याकडेही वळवू या. आपल्या घरी भावाचे ताट बहीणच उचलते ना? सोयरिकीच्या वेळी जुनी पोटजात हळूच विचारली जाते ना? मूल हे सारे पाहते, आणि जे पाहते तेच शिकते.

म्हणून रविवारी विहारात मुलांकडून वंदना म्हणून घेतलीत, की आणखी एक प्रश्न विचारा: आज माठ कोणी भरला, सतरंजी कोणी झाडली? पुढच्या रविवारी ते काम दुसऱ्याकडे द्या. मुलगा-मुलगी पाहू नका. त्या माठाशी आणि सतरंजीशी मूल जे शिकेल, त्यावर उद्या उद्देशिकेतला शब्द उभा राहील.

नमो बुद्धाय! जय भीम!