शिकवणी लावण्यापूर्वी राहुलाचा आरसा



जून महिना आला, शाळा उघडल्या, की जालना जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास निघतो : मुलाला शिकवणी लावावी की नाही? अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणारे कुटुंब असो, की जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार असो. शेजारचा मुलगा क्लासला जाऊ लागला, की आईच्या जिवाला घोर लागतो. मग मुकादमाच्या उचलीतून किंवा बचत गटाच्या कर्जातून फी भरली जाते. फी भरली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटते. आज याच गोष्टीचा विचार करू.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश करताना आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली. मुलाला विद्या-शिल्प शिकविणे हे त्यांपैकी एक. तेव्हा शिक्षणावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. पण त्याच उपदेशात मिळकतीचे चार भागही सांगितले आहेत : एक भाग संसाराला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखलेला. सण-समारंभाला आळा घालून दिलेली फी धम्माला धरून आहे. पण शेजाऱ्याच्या ईर्षेने, अडचणीचा भाग मोडून, वर व्याजाने पैसे काढून दिलेली फी? तिचा विचार ज्याचा त्याने करावा.

मग ठरवावे कसे? अंबलठ्ठिका येथे भगवंतांनी आपल्या मुलाला, राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. त्यावर भगवंतांनी शिकविले, की प्रत्येक कर्म तसेच पाहावे. करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. शिकवणीलाही हाच आरसा लावा.

लावण्यापूर्वी पाहा, मूल अडले कोठे? भागाकार येत नाही, की इंग्रजीचे वाचन जमत नाही? ऊसतोडीच्या हंगामात चार महिने शाळा बुडाली, की रात्री अभ्यासाला घरात जागाच नाही? भागाकार अडला असेल तर शिकवणीचा उपयोग होईल. जागा नसेल तर फीपेक्षा एक दिवा आणि टी. व्ही. बंद ठेवण्याचा निश्चय अधिक कामाचा आहे. आधी शाळेतल्या गुरुजींना भेटा, बाईंना भेटा. अडलेले शिकविणे हे त्यांचेच काम आहे. शाळेतील शिक्षकांनी खाजगी शिकवणी घेऊ नये, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २८ सांगते. तेव्हा वर्गात न शिकविता “माझ्या शिकवणीला ये” असे कोणी म्हणाले, तर भीड न धरता विचारा.

शिकवणी चालू असताना पाहा. दर महिन्याला वही उघडा. अडलेले गणित आता मूल स्वतः सोडविते, की फळ्यावरचे नुसते उतरवून आणते? वर्षाची फी एकदम देऊ नका. महिन्याची द्या, म्हणजे थांबण्याची वाट मोकळी राहील.

आणि शेवटी पाहा. मूल आपल्या आपण वाचू लागले, तर पैसा कारणी लागला. पुढच्या वर्षी शिकवणीवाचून त्याचे पाऊलच उचलत नसेल, तर आपण त्याला काठी दिली, पाय दिले नाहीत.

आपण म्हणाल, आम्ही अडाणी, आम्ही काय पाहणार? बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी भीमरावांना इंग्रजी व भाषांतर घरीच शिकविले. पुस्तकांसाठी प्रसंगी विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवले. परळच्या एका खोलीत मुलाला पहाटे अभ्यासाला उठविता यावे म्हणून ते स्वतः जागत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. रामजींची विद्या आपल्याजवळ नसेल, पण त्यांचे जागणे कोणत्याही आईबापांना साधेल. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. तो कोठे अडखळतो, हे निरक्षर आईलाही ऐकू येते. “आज काय शिकलास, मला समजावून सांग,” असे म्हणा. ज्याला समजले, त्याला सांगता येते.

आणखी एक. घरात पैसा एकाच्याच शिकवणीपुरता असेल, तर तो न विचारताच मुलाला मिळतो आणि मुलगी चुलीपाशी राहते. आरसा दोघांसमोर सारखाच धरा. ज्याची गरज मोठी, त्याला शिकवणी. आणि अभ्यासाची वेळ मात्र दोघांनाही.

आपल्या विहारात संध्याकाळी वंदनेनंतर एक तास दिवा चालू ठेवा. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी धाकट्यांना घेऊन बसावे. त्याला फी लागत नाही. पूर्वी विद्या जातीने अडविली. आज ती पैशावाचून अडू नये, हे आपल्या हाती आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.