थवा आणि त्यातला एक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील रडारांवर काही गूढ प्रतिध्वनी उमटत. त्यांतील अनेक पक्ष्यांचे असल्याचे डेव्हिड लॅक व जॉर्ज व्हार्ली यांनी १९४५ साली दाखवून दिले. रुडॉल्फ कॅलमन यांची १९६० सालची गणिती रीत एका ठिपक्याचा माग उत्तम काढते. पण थवा म्हणजे ठिपका नव्हे. एकाच वेळी अनेक प्रतिध्वनी येतात आणि कोणता कोणाचा, हे सांगता येत नाही. म्हणून वोल्फगांग कॉख यांनी २००८ साली समूहाला लंबवर्तुळ मानले. त्याचा मध्य कोठे, पसारा किती व कोणत्या दिशेस, एवढेच पाहावयाचे.

यात लबाडी नाही. जे वेगळे दिसत नाही, ते वेगळे मोजल्याचा आव न आणणे हा प्रामाणिकपणाच होय. प्रश्न पुढचा आहे. लंबवर्तुळ सुखरूप असले, म्हणजे त्यातील प्रत्येक जण सुखरूप असतो काय?

सेवेत असताना एका पुराच्या रात्री ‘गाव हलविले’ असा अहवाल मी पाठविला. गावाविषयी तो खरा होता. सकाळी कळले, एक वृद्धा गोठ्यातील गायीपाशी मागे राहिली होती. ती वाचली, त्यात माझ्या अहवालाचा काही वाटा नव्हता.

समूहाची भाषा राज्यकारभारास टाळता येत नाही. मात्र ती आपल्या दृष्टीच्या मर्यादेतून येते, माणसांच्या स्वरूपातून नव्हे. म्हणून ‘सर्व’ हा शब्द लिहिणाऱ्याने, मागे कोण राहिले, हे एकदा विचारणे त्याचे कर्तव्य ठरते.