प्रतिष्ठेचा पडदा आणि साक्षीचे कर्तव्य

मक्का विजयाच्या सुमाराची घटना आहे. कुरैशमधील बनू मखजूम या मातब्बर घराण्यातील एका स्त्रीच्या हातून चोरी घडली. घराण्याची नाचक्की टळावी म्हणून लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे रदबदलीसाठी उसामा बिन जैद (रजि.) यांना पाठविले. उसामा हे प्रेषितांचे अत्यंत लाडके होते. त्यांचा शब्द खाली पडणार नाही अशी सर्वांची खात्री होती. परंतु त्यांचे बोलणे ऐकताच प्रेषितांच्या चेहऱ्याचा रंग पालटला. त्यांनी लोकांना एकत्र करून बजावले की, पूर्वीचे समाज याच कारणाने नष्ट झाले. त्यांच्यातील प्रतिष्ठिताने गुन्हा केला की ते त्याला सोडून देत, आणि दुर्बलाने केला की त्याला शिक्षा देत. माझी मुलगी फातिमा हिच्या हातून हे घडले असते तरी तिलाही हाच नियम लागू झाला असता. (बुखारी, मुस्लिम)

या हदीसचा उल्लेख आपण वारंवार ऐकतो. पण त्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. रदबदलीसाठी आलेला मनुष्य वाईट नव्हता. तो सर्वांत प्रिय आणि नेक होता. प्रतिष्ठेच्या आड गुन्हा लपतो तेव्हा तो पडदा धरणारे हात बहुधा गुन्हेगाराचे नसतात. ते चांगल्या माणसांचे, म्हणजे आपले असतात.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट सर्वाधिक कटू रूपात कोठे दिसते, तर नामवंत घरातील सुनेच्या मृत्यूनंतर. १६ मे २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, भुकूम येथे वैष्णवी हगवणे ही तरुणी सासरच्या घरी मरण पावली. तिच्या मागे दहा महिन्यांचे मूल होते. लग्नात ५१ तोळे सोने आणि महागडी मोटार दिली गेली होती. राज्यातील बडे नेते त्या लग्नाला उपस्थित होते. सासरे राजेंद्र हगवणे हे त्या वेळी सत्ताधारी पक्षाचे तालुक्यातील पदाधिकारी होते. गुन्हा नोंद झाल्यावर सासरे आणि दीर सुमारे आठवडाभर पोलिसांना सापडले नाहीत. २३ मे रोजी त्यांना अटक झाली. याच घरातील थोरल्या सुनेने नोव्हेंबर २०२४ मध्येच छळाची तक्रार केली होती. हे प्रकरण न्यायालयाच्या हाती आहे आणि दोषी कोण हे न्यायालयच ठरवील. आपल्यापुरता प्रश्न वेगळा आहे. एका सुनेची हाक आधीच उंबरठ्याबाहेर आलेली असताना ती सहा महिने कोणाच्याही कानी का पडली नाही?

हे दुखणे अमुक एका समाजाचे नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादच्या एका मुस्लिम तरुणीने हुंड्याच्या जाचाला कंटाळून साबरमतीत जीव दिला. पुढे तिच्या पतीला न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तो कोणी नामांकित नव्हता. पण "लोक काय म्हणतील" हे भय जसे वाड्यात असते तसेच दोन खोल्यांच्या घरातही असते.

आपल्या बीडशी तर या विषयाचे जुने नाते आहे. मंजुश्री सारडा ही बीडची लेक. फेब्रुवारी १९८२ मध्ये पुण्यातील एका सधन कुटुंबात तिचे लग्न झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये विषाने तिचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी तिने बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रे लिहून सासरच्या एकाकीपणाचे दुःख कळविले होते. त्या मैत्रिणीचे नाव मुस्लिम आहे. ती पत्रे न्यायालयापुढे आली. पुण्याच्या न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याची निर्दोष मुक्तता केली. तो निकाल आपणही मान्य केला पाहिजे. पुराव्याविना कोणालाही दोषी म्हणणे हाही जुलूमच होय. मात्र तिच्या मृत्यूने पुण्यातील स्त्रिया जाग्या झाल्या आणि "मी एक मंजुश्री" हे प्रदर्शन घेऊन त्या गावोगावी गेल्या. तिची दोन-तीन पत्रे कोणीतरी जपून ठेवली आणि योग्य ठिकाणी पोहोचविली, म्हणून तिचे म्हणणे आजही निकालपत्रात वाचता येते. आपल्या लेकी आज पत्रे लिहीत नाहीत, मोबाईलवर संदेश पाठवितात. ते संदेश "घरची गोष्ट घरात राहू दे" म्हणून आपण पुसून टाकतो की जपून ठेवतो?

आता प्रेषितांच्या दाराशी आलेली एक तक्रार पाहू. हबीबा बिन्त सहल (रजि.) पहाटेच्या अंधारात तेथे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे पती साबित बिन कैस (रजि.) हे कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. ते अन्सारांचे नामवंत वक्ते होते आणि त्यांना स्वर्गाची शुभवार्ता मिळालेली होती. अबू दाऊदमधील रिवायतीनुसार पतीच्या मारहाणीत हबीबांच्या शरीराला इजा झाली होती. प्रेषितांनी "एवढा थोर मनुष्य असे कसे करील?" असे विचारले नाही. "सब्र कर आणि परत जा" असेही म्हटले नाही. साबित यांना बोलावून घेतले आणि महरची मालमत्ता परत करवून दोघांना विभक्त केले. साबित (रजि.) यांनीही तो निर्णय निमूटपणे मानला, त्यांचा मोठेपणा त्यातच आहे. हबीबा जिवंत असतानाच त्यांचे ऐकले गेले. आपल्याकडे मात्र स्त्रीचे ऐकायला मय्यत उठावी लागते.

आणि मय्यत उठल्यावर तरी काय होते? येथे एका नाजूक विषयाला हात घालणे मला इमाम या नात्याने आवश्यक वाटते. स्त्रीच्या मय्यतीला गुस्ल स्त्रियाच देतात. तिच्या अंगावरचे व्रण, गळ्यावरची खूण, जुन्या माराचे काळेनिळे डाग त्यांच्याखेरीज कोणी पाहत नाही. अशा वेळी एखादी वडीलधारी बाई हळूच सांगते की, मय्यतीचे ऐब झाकणे हे पुण्य आहे, बाहेर बोलू नये. हदीसमध्ये ही शिकवण निःसंशय आहे. पण ऐब कोणाचे? झाकायचा तो मृताचा दोष. तिच्या अंगावरचा व्रण हा तिचा दोष नव्हे, तो दुसऱ्याचा गुन्हा आहे. तो झाकणे म्हणजे मय्यतीची अब्रू राखणे नसून तिच्या मारेकऱ्याची अब्रू राखणे होय. पवित्र कुरआनने साक्ष लपविणाऱ्याच्या हृदयाला अपराधी ठरविले आहे. (२:२८३)

हेच तदफीनच्या घाईविषयी. दफनविधी लवकर उरकणे सुन्नत आहे; परंतु ही सुन्नत पुरावा पुरण्यासाठी नाही. अन्यायाने मारल्या गेलेल्याच्या वारसाला अल्लाहने अधिकार दिला आहे आणि त्याने मर्यादा ओलांडू नये अशी ताकीदही दिली आहे. (१७:३३) हा अधिकार घाईघाईने मातीआड करण्याचा हक्क ना पंचांना आहे, ना इमामाला. आजच्या काळातील अनेक फकीहांनी गुन्ह्याच्या तपासासाठी शवविच्छेदनाची परवानगी दिली आहे. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिच्या मृत्यूविषयी संशय असला, तर शवविच्छेदन व्हावयास हवे. हुंडाबळीच्या गुन्ह्यात किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. हा गुन्हा बैठकीत बसून, पैसे देऊन-घेऊन मिटविण्याचा नाही.

कोणी म्हणेल, मग आम्ही प्रत्येक घरावर संशय घ्यायचा काय? मुळीच नाही. कुरआन बातमीची शहानिशा करण्याचा आदेश देतो. (४९:६) आपण न्यायाधीश व्हायचे नाही. साक्षीदार व्हायचे आहे. सूरह अन्-निसामध्ये अल्लाह इमानधारकांना न्यायावर ठाम राहून साक्ष देण्यास सांगतो, मग ती स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध का असेना, आणि समोरचा श्रीमंत असो की गरीब. (४:१३५)

ही साक्ष लग्नाआधीपासून सुरू होते. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना दोन स्थळे आली तेव्हा त्यांनी प्रेषितांचा सल्ला विचारला. त्या दोघांपैकी एकाविषयी प्रेषितांनी उघडपणे सांगितले की, त्याची काठी खांद्यावरून खाली उतरत नाही. (मुस्लिम) याला गीबत म्हणत नाहीत, याला अमानत म्हणतात. म्हणून स्थळाची चौकशी करणारा बाप तुमच्याकडे आला तर "घराणे मोठे आहे" एवढेच सांगून त्याला वाटेला लावू नका. मुलगा हात उगारणारा आहे हे ठाऊक असेल तर तसे सांगा.

विवाहानंतर मुलगी माहेरी येऊन रडली तर तिला त्याच रात्री परत पाठवू नका. शेजारच्या घरातून किंकाळी आली तर ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर कळवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. जमातीच्या जबाबदारांनी एवढे ठरवावे की, अशा प्रकरणातील आरोपी मशिदीला देणगी देणारा असला तरी त्याच्यासाठी रदबदली करायला आपण जाणार नाही. जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, असे प्रेषितांनी सांगितले, आणि ती मदत म्हणजे त्याचा हात धरणे, हेही सांगितले. (बुखारी)

सूरह अत्-तकवीरमध्ये कियामतच्या दिवसाचे एक दृश्य आहे. जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाईल की, तुला कोणत्या अपराधासाठी मारले गेले? (८१:८-९) त्या दिवशी घराण्याचे नाव, पद, पैसा काही कामी येणार नाही. ती बोलू लागेल तेव्हा तिच्या अंगावरचे व्रण पाहिलेले आणि गप्प राहिलेले आपणही तेथे उभे असू.

अल्लाह आम्हाला आमच्या लेकींचे म्हणणे त्या हयात असतानाच ऐकण्याची, आणि जवळच्या माणसाविरुद्धही सत्य साक्ष देण्याची सद्‌बुद्धी व हिंमत देवो. आमीन.