झीज आणि मुदत

ज्याचे काम त्याने करावे, दुसऱ्याच्या धंद्यात हात घालू नये, हे व्यवहारातले जुने शहाणपण आहे, आणि संगणकाच्या कंपनीने स्वतःचा दूरचित्रवाणी संच बनवावा की नाही हा प्रश्न निघाला की बहुतेक जण याच शहाणपणावर भागवून घेतात. नागपूरजवळच्या कामठीत काय किंवा दुसऱ्या कुठल्या गावात काय, दुकानात मोबाइलच्या कंपनीचे नाव असलेला टीव्ही दिसला की ‘ही तर मोबाइलवाली, हिला टीव्हीतले काय कळते?’ हा शेरा ठरलेला असतो. हा शेरा खटकतो, कारण त्यात विचारलेले असते ते कंपनीला काय कळते हे; संच बिघडल्यावर ती कशाचा जबाब देणार आहे, हे कुणी विचारत नाही.

कळण्याचा प्रश्न लवकर मिटतो. आजचा स्मार्ट टीव्ही म्हणजे मोठा पडदा जोडलेला संगणकच आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पडदा, म्हणजे व्यापारात ज्याला पॅनेल म्हणतात तो भाग, जगात मोजक्याच कंपन्या तयार करतात. बाकीच्या, मग त्या पिढ्यान्‌पिढ्या टीव्ही विकणाऱ्या असोत की कालपरवा या धंद्यात उतरलेल्या, तो विकत घेऊन बसवतात. तेव्हा कौशल्याच्या नावाखाली संगणकवाल्याला बाहेर ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. वस्तू निकामी होण्याच्या दोन तऱ्हा असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. पहिली तऱ्हा झिजेची: वापराने, उष्णतेने किंवा विजेच्या चढउताराने वस्तूचा एखादा भाग थकतो आणि काम सोडतो. दुसरी तऱ्हा मुदतीची: वस्तू धडधाकट असते, पण तिला चालू ठेवणारी सेवा कुणीतरी ठरवलेल्या तारखेला थांबते. झीज वस्तूच्या अंगातून येते, तर मुदत दूरच्या कार्यालयात बसलेला माणूस ठरवतो. झिजेवर गावातल्या कारागिराचा इलाज चालतो, मुदतीवर चालत नाही.

कामठीसारख्या गावातले टीव्ही-दुरुस्तीचे दुकान पाहिले म्हणजे हा फरक डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘आवाज येतो पण चित्र नाही’ अशी तक्रार घेऊन संच आला की कारागीर काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च धरतो. त्या उजेडात चित्राच्या पुसट आकृत्या हलताना दिसल्या तर पॅनेल शाबूत आहे आणि त्यामागची बॅकलाइटची पट्टी गेली आहे, हे त्याला कळते. मग काच दोघांनी मिळून अलगद उचलायची, तिच्यामागचे पांढरे पातळ पापुद्रे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बाजूला ठेवायचे आणि पट्टीवरचा एकेक दिवा मीटरने तपासायचा. हे दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक असे जोडलेले असल्याने त्यांतला एक जरी गेला तरी सगळी पट्टी विझते. पट्टी बदलली की संच पुन्हा काही वर्षे चालतो. पण त्याच दुकानात दुसरा एखादा संच येतो, ज्याचे चित्र स्वच्छ आहे, आवाज खणखणीत आहे, फक्त एखादे ॲप उघडत नाही, कारण त्या संचासाठी ते बंद केलेले असते. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स ही सेवा सॅमसंगच्या २०१० आणि २०११ सालच्या काही संचांवर चालेनाशी झाली, तेव्हा त्या संचांत काहीही झिजलेले नव्हते. अशा संचापुढे टॉर्च आणि मीटर घेऊन बसलेल्या कारागिराने काय करावे?

या फरकावरून प्रथमदर्शनी जो निष्कर्ष निघतो तो असा की टीव्ही ही झिजेची वस्तू आहे आणि संगणक ही मुदतीची. टीव्ही घरात येतो तो दहा वर्षांच्या बोलीवर, दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याची जागा ठरते. संगणक आणि फोन यांच्या कंपन्यांची सवय तीन-चार वर्षांत नवे मॉडेल गळ्यात घालण्याची. म्हणून संगणक कंपनीने संचाच्या वाटेला न जाता एक छोटी वेगळी पेटी बनवावी, ती टीव्हीला जोडता यावी आणि मुदत संपली की संच तसाच ठेवून फक्त पेटी बदलावी, हे सरळ दिसते. ॲपल या अमेरिकी कंपनीचा अनुभवही वरवर पाहता याच बाजूने बोलतो. तिने १९९३ साली मॅकिन्टॉश टीव्ही नावाचा, चौदा इंची नळीचा, संगणक आणि टीव्ही एकत्र असलेला काळा संच काढला; त्यावर संगणकाचे काम करता करता खिडकीत टीव्ही पाहण्याची सोय नव्हती, एका वेळी एकच काही करता येई, आणि सुमारे दहा हजार संचांवर तो प्रयोग आटोपला. २००७ साली याच कंपनीने संचाऐवजी पेटी आणली आणि ती आजतागायत टिकून आहे.

या निष्कर्षाला सर्वांत ठाम विरोध केला तो कार्ल आयकान या धनाढ्य गुंतवणूकदाराने. त्याच्याजवळ ॲपलचे मोठे भागभांडवल होते आणि मे २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेल्या जाहीर पत्रात त्याने असे गृहीत धरले होते की २०१६ साली कंपनी ५५ आणि ६५ इंची संच बाजारात आणील. त्याच सुमारास अमेरिकी वृत्तपत्रांतून कळले की कंपनीने हा बेत वर्षभरापूर्वीच सोडून दिला होता. आयकानचा युक्तिवाद थोडक्यात असा की घरातला सर्वांत मोठा पडदा ज्याच्या हाती, त्याच्या हाती घर. यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. परंतु आयकानला घर दिसते ते भागधारकाच्या खिडकीतून, आणि म्हणून घरातला माणूस संच किती वर्षे वापरणार, तो बिघडला तर कुणाकडे नेणार, हे प्रश्न त्याच्या हिशेबात येत नाहीत. त्याला उत्तर देण्यासाठी एवढे पुरे आहे की टीव्हीच्या किमती वर्षागणिक उतरत होत्या, गिऱ्हाईक तो क्वचितच बदलते, आणि ज्या वस्तूवर नफा थोडा व जी बदलण्याचा काळ लांब, ती वस्तू भागधारकाच्या कामाची नाही. खुद्द आयकाननेही पुढच्या वर्षी आपले भाग विकून टाकले.

आयकानला उत्तर देऊन झाले तरी प्रश्न संपत नाही, कारण जो नफा संचावर मिळत नाही तो दुसरीकडून काढण्याची वाट दरम्यान सापडली होती. शाओमी या चिनी फोन कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतात टीव्ही आणले आणि त्याच वर्षी यंत्रसामग्रीवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही, असे तिच्या प्रमुखाने जाहीर केले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे भलेच झाले, संच स्वस्त झाले आणि ज्या घरांत मोठा पडदा कधी आला नसता तिथे तो आला. पण संचावर नफा नाही म्हटल्यावर कमाई यायची ती पडद्यावर दिसणाऱ्या जाहिरातींतून आणि सेवांतून, म्हणजे विक्रीनंतरच्या वर्षांतून. मुदत ठरवण्याचा अधिकार यामुळे धंद्याच्या मध्यभागी येऊन बसतो.

इथवरचा विचार संगणक कंपनीने दूर राहावे याच बाजूला झुकतो. परंतु या भूमिकेला सर्वांत मोठा धक्का देणारे उदाहरण परदेशातले नाही, ते भारतातले आहे आणि त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. मुंबईतल्या तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, थोडक्यात ईसीआयएल, ही सरकारी कंपनी उभी राहिली. अय्यागारी सांबशिव राव हे तिचे शिल्पकार. टीडीसी-१२ हा देशी बनावटीचा संगणक १९६९ साली तुर्भ्यातच सुरू झाला, टीडीसी या नावातला पहिला शब्द ट्रॉम्बे हाच आहे, आणि त्या मालिकेतले पुढचे संगणक ईसीआयएलने तयार केले. याच कंपनीने ‘ईसी टीव्ही’ या नावाने दूरचित्रवाणी संच बनवले आणि सत्तरच्या दशकात ते मध्यमवर्गीय घरांत पोचले. संगणकाच्या कंपनीने टीव्ही बनवावा का, हा प्रश्न भारतात अशा रीतीने अर्धशतकापूर्वीच प्रत्यक्षात सोडवला गेला होता.

तो कसा सोडवला गेला हे पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला, ज्यात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचवले गेले. त्या खेड्यांसाठीचे संच ईसीआयएलने तयार केले. छपरावर दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची अँटेना आणि खाली गावकऱ्यांनी एकत्र बसून पाहायचा संच, अशी ती मांडणी होती. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता, पण या कथेतला मुद्दा राज्याचा नाही. संच बिघडला तर काय, याचा विचार तो गावात जाण्याआधीच करावा लागला, इस्रोने देखभालीची केंद्रे उभी केली आणि गावात संचाची राखण कुणी करायची हेही ठरवले गेले. संच, अँटेना, कार्यक्रम आणि दुरुस्ती या साखळीतल्या प्रत्येक कडीचा जबाब देणारे कुणीतरी होते, आणि ते सगळे अखेर एकाच सार्वजनिक व्यवस्थेला बांधलेले होते. मुदत होती, प्रयोग एका वर्षाचाच होता, पण ती आधी सांगितलेली होती आणि सर्वांना ठाऊक होती.

इथे एक आडवळण घेतले पाहिजे, कारण जबाब कुणी द्यायचा हा प्रश्न कामठीला टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे. विडीच्या धंद्यात कारखानदाराचे नाव बंडलावरच्या कागदी लेबलवर असे. तेंदूपत्ता आणि तंबाखू ठेकेदाराच्या हातून घरोघरी जाई, बायका-पोरे विड्या वळत, आणि संध्याकाळी ठेकेदार त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून नाकारून बाकीच्यांची मजुरी देई. मजुरी बुडाली तर कामगाराने जायचे कुठे? कारखानदार म्हणे हा ठेकेदाराचा मामला आहे, ठेकेदार म्हणे माल कंपनीचा आहे. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी विडी कामगारांना संघटित केले ते याच फटीविरुद्ध. १९३९ साली, पस्तिशीतच त्यांचे निधन झाले. पुढे १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला, ज्याने घरी बसून विडी वळणाऱ्यालाही कामगार मानले, ज्याच्यासाठी काम चालते त्याला मुख्य मालक ठरवून ठेकेदाराच्या मजुरांची जबाबदारीही त्याच्यावर टाकली आणि छाट विड्यांवरून होणाऱ्या तंट्यांसाठी निवाडा करणारा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. कारखानदारांनी त्याला आव्हान दिले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो कायदा ग्राह्य धरला.

या कायद्याच्या उजेडात टीव्हीचा प्रश्न पुन्हा पाहिला म्हणजे वर मांडलेला निष्कर्ष टिकत नाही. संगणक कंपनी संच न बनवता दूर राहिली तर मुदत घरात येणार नाही, हे त्या निष्कर्षाचे गृहीतक होते, पण मुदत तर केव्हाच आलेली आहे. आज संचावर नाव एकाचे असते, जुळणी दुसऱ्याने केलेली असते, आतली प्रणाली तिसऱ्याची असते आणि ॲप चौथ्याचे असते. ॲप उघडले नाही तर गिऱ्हाइकाने या चौघांपैकी कुणाचे दार ठोठवायचे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाच्या व्याख्येत वस्तू बनवणारा, सुट्या भागांची जुळणी करणारा आणि दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर आपले नाव घालणारा असे सगळे घेतले आहेत. मात्र ज्याचे नाव संचावर नाही आणि तरी ज्याच्या एका निर्णयाने संच निरुपयोगी होतो, तो प्रणाली पुरवणारा गिऱ्हाइकाच्या नजरेआड राहतो, आणि आपली पेटी वेगळी विकून बाजूला झालेली संगणक कंपनीही तशीच. संगणक कंपनीने संचापासून दूर राहणे म्हणजे मुदत ठरवण्याचा अधिकार हाती ठेवून जबाबातून सुटणे होय.

तेव्हा संगणक कंपनीने आपला संच बनवावा, आणि तो संपूर्ण आपल्या नावाने विकावा, याच बाजूने उभे राहावे लागते. जी मुदत ठरवते तिचेच नाव पुढे दिसावे, म्हणजे विडीच्या कायद्यातल्या मुख्य मालकाप्रमाणे तिला ठेकेदाराकडे बोट दाखवता येणार नाही. आयकानला जे हवे होते तेच इथे मागितले जात आहे, पण त्याच्या कारणासाठी नव्हे.

बनवणे याचा अर्थ मात्र प्रत्येक सुटा भाग स्वतःच्या भट्टीत ओतणे असा होत नाही. तेव्हाच्या औरंगाबादमधून वाढलेल्या व्हिडिओकॉन या कंपनीने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा जगभर पसरलेला व्यवसाय विकत घेतला, आणि थोड्याच वर्षांत सपाट पडद्यांनी नळी हद्दपार केली. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तिला बुडवणारी इतर कारणेही होती आणि ती मोठी होती, पण जुनी होत चाललेल्या वस्तूची मालकी वाढवत नेल्याने गिऱ्हाइकाचे काही भले झाले नाही. पॅनेल विकत घ्यावे, जुळणी कुणाकडूनही करून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

मुदत सांगण्याची सक्ती अशक्य कोटीतली आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ देणार हे विक्रीच्या वेळीच जाहीर करावे लागते, आणि स्मार्ट टीव्ही त्यात येतो. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. झिजेच्या बाजूने हे पाऊल योग्यच आहे, परंतु मुदतीची तारीख संचाच्या खोक्यावर किमतीच्या शेजारी छापायला लावणे हे त्याच्या पुढचे काम आहे. त्याने संच महागेल, कारण दहा वर्षे सेवा देण्याचा खर्च कुठेतरी दाखवावाच लागेल, आणि कामठीतल्या ज्या घराने स्वस्त संचामुळे पहिल्यांदा मोठा पडदा पाहिला त्याला ही वाढ जाणवेल. पण त्या घराला निदान दोन संचांच्या किमतींबरोबर त्यांची वर्षेही ताडून पाहता येतील, आणि वर्षे संपण्याआधी सेवा थांबली तर ज्या नावाने संच विकला गेला त्या नावावर ग्राहक आयोगात दावा लावता येईल.