मूल कोणाच्या पायाशी बसेल?

शास्त्रपाठ : अनुवाद 6:4-9, 1 शमुवेल 2:12-26, 2 तीमथ्य 1:3-7



लखनौच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट आहे. झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांसाठी ते ओळखले जाते. तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाने एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेत हिंदी व इंग्रजी. मराठी तो बोलतो, पण वाचू शकत नाही. सोबतच्या मुलांकडून जे त्याच्या कानी पडते, ते आईवडिलांना रुचत नाही. त्याला शाळेतून काढून घरीच शिकवावे काय? पती म्हणतात, काढावे. पत्नी अद्याप गप्प आहेत.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबविण्याची आज्ञा आहे, आणि घरात, वाटेने, निजताना, उठताना ती बोलावीत असे सांगितले आहे. हे काम तेथे घराकडे सोपविले आहे, आणि ते अन्य कोणावर ढकलता येत नाही. मात्र यावरून काही बंधू असा अर्थ काढतात की मुलाला शाळेत घालणेच अविश्वासूपणाचे आहे. वचनात तसे नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत व प्रश्न विचारीत होता. पौल गमलिएलाच्या चरणांपाशी शिकला. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्या घरातून आला, आणि पुढील शिक्षण त्याला पौलाच्या सोबतीने प्रवासात मिळाले.

दुसरीकडे एलीचे घर पाहा. हफनी व फिनहास निवासमंडपाच्या सावलीत, याजक पित्याच्या डोळ्यांसमोर वाढले आणि परमेश्वराला ओळखीनासे झाले. हन्नेने आणून सोपविलेला परका मुलगा मात्र त्याच ठिकाणी देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढला. बाहेरची संगत तोडली की मूल सुरक्षित झाले, असे समजणाऱ्या पित्याने हा अध्याय सावकाश वाचावा.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात घरच्या शिक्षणाचे याहून मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1858 साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले. स्त्रीला ही भाषा शिकवितात म्हणून शास्त्री-पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. वडील थकल्यावर लेकीला शिकविण्याचे काम आई लक्ष्मीबाईंकडे आले. घरकाम व तीर्थयात्रेचे श्रम सांभाळून त्यांनी तिला भागवत मुखोद्गत करविले. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी याच मुलीला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मुलीसाठी त्या काळी दुसरे दारच उघडे नव्हते. ते दार तिच्या आईवडिलांनी घरातूनच उघडले.

पण रमाबाईंनी आपल्या साक्षीत दुसरी बाजूही लपविली नाही. वडिलांनी मुलांना बाहेरच्या जगापासून दूर ठेवले होते. दुष्काळ आला तेव्हा धर्मग्रंथांपलीकडे त्यांना काही येत नव्हते, आणि पोट भरण्याचा एकही मार्ग ठाऊक नव्हता. त्या दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण तिघेही गेली. हे वाचताना माझे मन नेहमी थबकते.

मग त्याच रमाबाईंनी काय केले? 1889 साली मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली. आपली एकुलती मुलगी मनोरमा हिला त्यांनी काही काळ इंग्लंडातील वाँटेजच्या धर्मभगिनींच्या हाती सोपविले. परंतु तिला धर्माविषयी काय शिकवावे, हे आईला वगळून ठरू नये, असे त्यांनी पत्रांतून निक्षून कळविले. मूल दुसऱ्याकडे शिकायला दिले, पण आईपण दिले नाही.

चिनहटच्या बंधूंना आम्ही म्हणू, आधी स्वतःची भीती तपासा. मुलाला शाळेत छळ होत असेल, किंवा तो मागे पडत असून कोणी लक्ष देत नसेल, तर घरी आणण्यात काही गैर नाही. केवळ जगाची भीती असेल, तर ते जग उद्या घराच्या दारातही येईल. कायद्याचीही माहिती असू द्या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. मात्र ते न करणाऱ्या पालकास त्यात शिक्षा सांगितलेली नाही. 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदाव्या वर्षापासून देता येते. म्हणजे वाट आहे, पण ती लांब आहे.

आणि त्या लांब वाटेवर रोज चालणार कोण? बहुधा आईच. म्हणून पत्नी गप्प असताना हा निर्णय घेऊ नका. त्यांना बोलू द्या; गणित शिकविण्याची, स्वयंपाकाची, दिवसभर एकट्या मुलाशी राहण्याची ताकद त्यांना आहे की नाही, हे त्याच सांगू शकतील. मुलालाही विचारा. त्याच्या मित्रांची नावे तुम्हांला ठाऊक आहेत काय?

मराठीसाठी तर शाळा सोडण्याची वाट पाहावयाची गरजच नाही. मार्काचे शुभवर्तमान आखूड आहे. रात्री जेवणानंतर वडिलांनी दोन ओळी वाचाव्या, मुलाने बोट ठेवून त्याच दोन ओळी वाचाव्या.