देह नाशिवंत, म्हणून औषध सोडावे काय?

"देह आज ना उद्या जायचाच, मग त्याचे चोचले कशाला?" असे बोलणे आपल्या मंडळींत पुष्कळदा ऐकू येते. रक्तदाबाच्या गोळीचा विषय निघाला की हे वैराग्य हटकून जागे होते. डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितलेली असते, पण "अहो, मला झालंय काय? चांगला धडधाकट आहे की!" असे म्हणून माळकरी ती आपल्याच मनाने बंद करतो. हे वैराग्य खरे काय, याचा विचार केला पाहिजे.

हा रोग बहुधा दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षे तो मुकाट्याने हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांना इजा करीत राहतो. निरनिराळ्या दिवशी मोजूनही आकडा 140/90 किंवा त्याहून वर राहिला, तर रोग आहे असे समजतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षे व त्यापुढील दर 100 पुरुषांत 24 आणि दर 100 स्त्रियांत 21 जणांचा दाब वाढलेला, किंवा औषध चालू असलेला आढळला. आपली दिंडी याला अपवाद कशी असेल?

आता वैराग्याची कसोटी पाहा. वैराग्य सोडते ते आवडीचे. ज्याने गोळी सोडली, पण पापड, लोणचे आणि तंबाखूची चंची सोडली नाही, त्याने सोडले तरी काय? मीठ दिवसाला सर्व मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या लहान चमचाभराहून कमी असावे. उपासाचे सैंधवही मीठच. ते दाब वाढवीत नाही हा नुसता समज आहे. म्हणून पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्यानेही हात आवरावा. जेवणारा प्रसाद म्हणून पानातले टाकीत नाही; तेव्हा ती जबाबदारी वाढणाऱ्याची.

कोणी म्हणेल, एकादशीला गोळी कशी घ्यावी? महाभारतातील विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत औषधही आहे. आणखी कोणी म्हणेल, नाम असताना औषध कशाला? पायात काटा रुतला तर आपण तो काढतोच ना? त्याने नामावरची निष्ठा उणी होत नाही.

शिवाय या रोगाने दर वेळी मरणच येते असे नाही. पुष्कळदा पक्षाघात येतो. मग जिभेवरचे नाम अडखळते, वारी अंतरते आणि सून-लेकरे वर्षानुवर्षे उशापायथ्याशी अडकतात. "माझा देह, माझी मर्जी" असे म्हणणाऱ्याने त्यांच्याकडे पाहावे. देह नाशिवंत खरा, पण तो सेवेसाठी मिळालेली ठेव आहे. दुसऱ्याची ठेव हलगर्जीपणाने बुडविणे याला वैराग्य म्हणत नाहीत.

सज्जनहो, एकादशीला भजनी मंडळ जमतेच. त्या वेळी गावच्या आरोग्यसेविकेला बोलावून सर्वांचा दाब मोजून घ्यावा. ज्यांचा वाढलेला निघेल त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरावी, आणि विणेकऱ्यापासून टाळकऱ्यापर्यंत एकमेकांना प्रेमाने विचारावे, "माउली, आजची गोळी घेतली का?" हरिपाठाचा नेम आपण बरे वाटत नाही म्हणून धरीत नाही, की बरे वाटले म्हणून सोडीत नाही. गोळीचा नेमही तसाच असावा. एवढे करूनही जे व्हायचे ते होईल; ते पांडुरंगाच्या हाती. आपल्या हाती आहे ते मात्र त्याच्यावर ढकलू नये.

राम कृष्ण हरि.